कुणाच्या तरी नावानं

चकचकीत फोटोवर बॉलपेननं केलेली सही समोरून बघून कळत नाही. फोटो कडांना धरून खिडकीपाशी न्यायचा, जरा तिरका करायचा आणि उजेड त्याच्यावरून आडवा जाऊ द्यायचा. मग शाईच्या आधी चर दिसतो. पहिल्या अक्षराशी तो खोल असतो, पुढे हात वेगात आला की उथळ होत जातो, शेवटच्या फराट्याला नुसता ओरखडा उरतो. मध्ये कुठं शाई तुटलेली असते, चर मात्र अखंड गेलेला असतो. म्हणजे पेन थांबलं नव्हतं. जिलेटिनच्या गुळगुळीत थरानं शाई घेतली नाही, एवढंच. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एखाद्या थिएटरच्या मागच्या दारात कुणी मैत्रिणीच्या पाठीवर ठेवून तो फोटो पुढे केला असेल, कुणी भिंतीला टेकवला असेल. खाली मऊ काही होतं की टणक, हेसुद्धा त्या चरावरून थोडंफार ताडता येतं. या छंदातलं माझं सगळ्यात आवडतं काम हेच. आवाज ऐकून ज्यांच्यावर जीव जडला, त्यांच्या हाताचा दाब इथं बोटाखाली लागतो.

माझ्याकडे असे फोटो मोजकेच आहेत. मोठ्या नावांच्या किमती मला कधी झेपणाऱ्या नव्हत्या. ते फोटो मी संग्राहकांच्या घरी आणि लिलावांच्या कॅटलॉगमध्ये पाहिले. आमच्या पिढीतल्या मुंबई-पुण्याच्या मुलांना रॉक संगीत आधी कॅसेटच्या फितीतून भेटलं आणि संगीतकारांचे चेहरे नंतर. काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मध्ये रेकॉर्डची कव्हरं नुसती चाळत उभं राहणंही आम्हाला पुरायचं. मोठ्या भावंडांनी 'जे. एस.' या नियतकालिकातली पोस्टरं कापून भिंतीवर लावलेली असायची. त्या कागदी चेहऱ्यांच्या मागे खरी माणसं आहेत, त्यांना हात आहेत, त्या हातांनी ती आपलं नाव लिहितात, हे पहिल्यांदा एका सही असलेल्या फोटोनं पटवलं.

हे फोटो मुळात जपायला काढलेले नव्हते. आठ बाय दहा इंचांचा कृष्णधवल प्रसिद्धी-फोटो, खालच्या पांढऱ्या पट्टीत बँडचं नाव, कधी मॅनेजरच्या कचेरीचं किंवा रेकॉर्ड कंपनीचं नाव. वर्तमानपत्रांना पाठवायचा, रेडिओ केंद्रांना द्यायचा, उरलेले चाहत्यांना वाटायचे. पार्लोफोन कंपनीनं बीटल्सची जी छोटी कार्डं काढली, त्यांवरचा फोटो डेझो हॉफमन या स्लोव्हाक वंशाच्या छायाचित्रकारानं काढलेला. कितीतरी मुलींनी त्या कार्डांच्या पाठीवर चौघांच्या सह्या घेतल्या. मुलींनी ती टाचण्यांनी भिंतीवर लावली, वहीत चिकटवली, दप्तरातून नेली, घर बदलताना हरवली. फुकट मिळालेली वस्तू कोण सांभाळतं? म्हणूनच जे थोडे वाचले त्यांना आज काचेआड ठेवतात. हॉफमनचं नाव मात्र फोटोच्या दर्शनी बाजूला कुठंच नसतं, आणि मला याचं नेहमी वाईट वाटतं. चेहरा त्यानं टिपला, उजेड त्यानं बघितला आणि मोल दुसऱ्याच्या शाईला आलं. जेरेड मँकोविट्झनं १९६७ मध्ये लंडनच्या मेसन्स यार्डमधल्या स्टुडिओत गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचे लष्करी जाकिटातले फोटो काढले. आज हेंड्रिक्स म्हटलं की जगाच्या डोळ्यांपुढे येतो तो बराचसा मँकोविट्झचा हेंड्रिक्स असतो.

सही फोटोत कुठं पडते, हे बघत राहावं असं असतं. जुन्या फोटोंत ती उजळ भाग शोधते. निळी-काळी शाई काळ्या पार्श्वभूमीवर दिसायची नाही. मग पांढरा शर्ट, गिटारचा फिकट भाग, कधी थेट गाल. काही जण आपल्या चेहऱ्याला धक्का लागू देत नाहीत, काही बेधडक कपाळावरून नाव ओढतात. पुढे रुपेरी आणि सोनेरी मार्कर आले आणि सह्या अंधारात शिरल्या. काळ्या जाकिटावर, स्टेजमागच्या काळोखात त्या चमकू लागल्या. शार्पी मार्कर बाजारात आला १९६४ मध्ये. तेव्हा १९५९ मध्ये विमान अपघातात गेलेल्या गायक बडी हॉलीची शार्पीनं केलेली सही कुणी दाखवली, तर पुढचं बोलणंच खुंटतं. कागदाचंही तसंच. प्लॅस्टिकचा थर दिलेला फोटोचा कागद साठच्या दशकाच्या अखेरीस आला. १९६३ ची म्हणून सांगितलेली सही त्या कागदावर असेल, तर सही बघायच्या आधी फोटोची पाठ चाचपावी.

बीटल्सच्या सह्यांचं प्रकरण या सगळ्यात निराळं आहे. मागणीच एवढी होती की चौघांचे हात पुरे पडेनात. चौघं एकमेकांच्या सह्या करत. त्यांचे रोड मॅनेजर नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स चौघांच्याही सह्या करत, आणि इतक्या सफाईनं की आज जाणकार त्या दोघांच्या हाताची ढब वेगळी ओळखतात. बाजारात अशा सहीला नावं ठेवतात, किंमत नगण्य देतात. मला ते पूर्णपणे पटत नाही. ती सही खरी म्हणून विकणं ही फसवणूक आहे, यात वाद नाही. पण मॅल इव्हान्सनं सामानाच्या पेट्या चढवून-उतरवून झाल्यावर रात्री फोटोंचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसावं, कारण कुठल्या तरी गावची मुलगी टपालाची वाट बघते आहे, यातही काहीतरी आहेच. त्या मुलीनं तो फोटो उशीखाली ठेवला असेल, तर त्या झोपेत खोट नव्हती.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला फ्रेडा केली. लिव्हरपूलची ही मुलगी विशीही न गाठता बीटल्सच्या फॅन क्लबची सेक्रेटरी झाली. चाहत्यांना जे जाईल ते अस्सलच जायला हवं, हा तिचा हट्ट. एका मुलीनं उशीचा अभ्रा पाठवला: चौघांतल्या रिंगोनं यावर झोपावं आणि मग तो परत पाठवावा. फ्रेडा तो अभ्रा घेऊन रिंगोच्या आईकडे गेली, रिंगो त्यावर झोपला आणि अभ्रा परत गेला. हे तिनं स्वतः सांगितलं आहे. तिच्यावरच्या २०१३ च्या माहितीपटातही ते आहे. असा अभ्रा कुठल्या लिलावात आला तर त्याची अस्सलता कोण ठरवणार? त्यावर शाई नाही, चर नाही. फ्रेडाचा शब्द, एवढाच पुरावा. तो मला पुरेसा आहे.

या छंदाची एक बाजू मनाला टोचत राहते. दुर्मीळपणाचा हिशेब बहुतेकदा मरणावर येऊन थांबतो. बडी हॉलीच्या विमानात रिची व्हॅलेन्स होता, वय सतरा. त्याच्या कीर्तीचं आयुष्य काही महिन्यांचं. सह्या अशा किती झाल्या असतील? हेंड्रिक्स १९६६ च्या अखेरीस लंडनमध्ये नावारूपाला आला आणि १८ सप्टेंबर १९७० ला गेला. तो डावखुरा गिटार वाजवायचा, पण लिहायचा उजव्या हातानं, आणि नुसतं नाव लिहून मोकळा व्हायचा नाही. समोरच्याला उद्देशून दोन मायेचे शब्द लिहायचा. चार वर्षांच्या त्या धावपळीत अनोळखी माणसासाठी तो एवढं थांबला, हे त्या ओळींत दिसतं. किंमत वाढते ती तो सत्ताविसाव्या वर्षी गेला म्हणून. कॅटलॉगमध्ये हे दोन्ही एकाच परिच्छेदात वाचताना मला पान उलटवावंसं वाटतं.

आणि ८ डिसेंबर १९८० ची संध्याकाळ. न्यूयॉर्कमध्ये डाकोटा इमारतीच्या दारात जॉन लेनन स्टुडिओकडे निघालेला, एक माणूस 'डबल फँटसी' ही त्याची नवी रेकॉर्ड पुढे करतो, लेनन सही करतो. पॉल गोरेश नावाचा हौशी छायाचित्रकार तिथं होता. त्यानं तो क्षण टिपला. लेननची मान खाली, लक्ष सहीत. काही तासांनी, रात्री अकराच्या सुमाराला, त्याच दारात त्याच माणसानं त्याला गोळ्या घातल्या. ती रेकॉर्ड पुढे विकली गेली, एकदा नव्हे. ती कुणी का घ्यावी, हे मला उमगत नाही, आणि उमगून घ्यायचंही नाही. पण तो फोटो विसरता येत नाही. सही देणारा माणूस किती निर्धास्त असतो! अनोळखी माणसाच्या हातातलं पेन घ्यायचं, मान खाली घालायची, त्याला आपल्या अगदी जवळ उभं राहू द्यायचं. पुढच्या काळात पहारे आले, दोरखंड आले. रिंगोनं तर २००८ मध्ये जाहीर केलं, २० ऑक्टोबरनंतर टपालानं आलेल्या कशावरही सही करणार नाही. पुष्कळ चाहते रागावले. मला तो राग समजला नाही. पंचेचाळीस वर्षं त्यानं लोकांची नावं लिहिली होती.

आपल्या भागाचा या सगळ्याशी धागा आहे, आणि तो पाचगणीपासून निघतो. झांझिबारमध्ये ५ सप्टेंबर १९४६ ला जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला. तिथंच तो फ्रेडी झाला, तिथंच त्यानं दोस्तांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला आणि पियानो वाजवला. त्या बँडमधल्या एकानं पुढे पुण्यात सिझलरचं रेस्टॉरंट चालवलं. फारुख काही काळ मुंबईत माझगावच्या शाळेतही होता. १९६४ मध्ये झांझिबारमधल्या क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं आणि १९७० च्या सुमारास या मुलानं मर्क्युरी हे आडनाव घेतलं. ऑगस्ट १९८६ मध्ये नेबवर्थला तो आपल्या क्वीन या बँडबरोबर मंचावर शेवटचा गायला. त्यानंतर लोकांत फारसा आला नाही, १९९१ मध्ये गेला. त्यामुळे 'फ्रेडी मर्क्युरी' अशी सही असलेला चांगला फोटो आज भल्याभल्यांच्या आवाक्याबाहेर आहे.

पण माझं मन त्याच्या आधीच्या सहीपाशी घुटमळतं. शाळेच्या गॅदरिंगचे, बँडचे काही कृष्णधवल फोटो प्रसिद्ध झाले आहेत. दात जरा पुढे आलेला, लाजरा, तरी कॅमेऱ्याला हवा असलेला मुलगा. शाळा सुटताना मुलं एकमेकांच्या वह्यांत नावं लिहून देतात, ग्रुप फोटोच्या मागे सह्या करतात. पाचगणीच्या त्या वर्गातल्या कुणाच्या ट्रंकेत, मुंबईत, वलसाडला, कुठं दूर कॅनडात, 'एफ. बलसारा' अशी सही असलेला फोटो पडलेला असू शकतो. त्यावर मार्कर नसेल, शाळेतल्या दौतीची शाई असेल. कीर्तीनं वळण दिलेली सही ती नव्हे. एका शाळकरी मुलानं मित्राला दिलेली आहे. २०२३ मध्ये लंडनला सदबीजनं मर्क्युरीच्या घरातल्या १,४०० हून जास्त वस्तू लिलावात काढल्या. एकटा यामाहा पियानो १७ लाख पौंडांना गेला. ते सगळं वाचत असताना मला तो पाचगणीचा फोटोच हवासा वाटत होता.

मुंबईनं आणखीही पाहिलं आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला आला आणि ताजमहाल हॉटेलात खोट्या नावानं उतरला. मिशी ठेवली होती, तरी लिफ्टवाल्या पोऱ्यानं ओळखलं आणि हॉटेलखाली पोरापोरींची गर्दी लोटली. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी रेकॉर्डिंग केलं आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोत वाजवलं. मार्च १९८० मध्ये 'द पोलीस' धोबी तलावच्या रंगभवनात वाजवून गेले. या प्रत्येक रात्री कुणीतरी पेन पुढे केलं असणार. ते कागद कुठं आहेत? कपाटाच्या तळाशी, जुन्या बायबलात, दवाखान्याच्या फायलीत. काही चोर बाजारात जाऊन परतही आले असतील, कुणाची सही आहे हे न कळता.

वांद्र्याला एका आंटींकडे मी असा एक फोटो पाहिला. ऐंशीच्या दशकात परदेशातून आलेल्या एका बँडच्या कीबोर्ड वाजवणाऱ्याचा. बँडचं नाव लिहू नका, असं त्यांनी बजावलं आहे, ते पाळतो. फोटोवर निळ्या बॉलपेननं आधी त्यांचं नाव, मग एक ओळ, मग सही. नावाचं स्पेलिंग चुकलेलं. आधीचं एक अक्षर खोडून त्यावर दुसरं गिरवलं होतं.

"बघा ना," आंटी म्हणाल्या, "मी दोन वेळा सांगितलं त्याला. एवढा आवाज होता तिथं. तो असा कान पुढे करून ऐकत होता."

"आणि तरी चुकलंच," मी म्हणालो.

"चुकलं, पण विचारलं ना त्यानं! मला वाटलं होतं, बघणारसुद्धा नाही."

बाजारात असं कुणाच्या नावानं लिहिलेल्या फोटोला भाव कमी. घेणाऱ्याला दुसऱ्याचं नाव नको असतं. नुसती मोकळी सही हवी असते. म्हणून काही विक्रेते रसायनानं ते नाव पुसून टाकतात. सही ठेवायची, माणूस काढायचा. खिडकीपाशी तिरका धरला की ते कळतं: शाई गेलेली असते, चर तिथंच असतो, आणि जिलेटिनवर एक मंद डाग. मला हा गुन्हा वाटतो. खोट्या सहीइतकाच, कदाचित जास्त. खोटी सही करणारा निदान होतं ते मोडत नाही.

खोट्या सह्यांविषयी फार लिहीत नाही. अमेरिकेत एफबीआयनं 'ऑपरेशन बुलपेन' करून नकली सह्यांच्या टोळ्या पकडल्या, तेव्हा अस्सलतेची प्रमाणपत्रंही नकली निघाली. नकली सही ओळखण्याची खूण एकच मनात ठेवण्यासारखी आहे: ती सावकाश काढलेली असते. रेषेचा दाब सगळीकडे सारखा, सुरुवात आणि शेवट बोथट, वळणावर हात विचार करत थांबलेला. खरा माणूस आपलं नाव लिहिताना विचार करत नाही. आणि सही करणारं यंत्र तर दरवेळी तीच सही काढतं. २०२२ मध्ये बॉब डिलनच्या पुस्तकाच्या ९०० प्रती स्वहस्ते सही केलेल्या म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलरना विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी सह्या एकमेकांशी ताडल्या आणि त्या यंत्रानं केलेल्या निघाल्या. प्रकाशकानं पैसे परत केले. डिलननं माफी मागितली: २०१९ पासून चक्कर येण्याचा आजार, त्यात कोविडचा काळ, सही करायला माणसं जमवणं जमेना. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा हात आता थकला, हे त्या माफीतून कळलं तेव्हा प्रतींचं राहिलं बाजूला, जीव हळहळला.

आंटींचा फोटो त्यांच्या भाच्यानं लॅमिनेट करून आणायचं ठरवलं होतं. मी हातापाया पडून थांबवलं. आपल्याकडे जपणं म्हणजे लॅमिनेशन, ही समजूत फार खोल आहे. तापलेलं प्लॅस्टिक एकदा बसलं की ते निघत नाही. शाई पसरते आणि फोटो कायमचा आत अडकतो. काचेला थेट चिकटवून फ्रेम केली तर पावसाळ्यात जिलेटिन ओल धरतं आणि काचेलाच बसतं. सोडवायला गेलं की चेहरा काचेवर राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेत त्यावर बुरशीही चढते. त्यात मार्करची शाई उन्हात विटते. काळ्याची तपकिरी होते.

तेव्हा तुमच्या घरात असा एखादा फोटो असेल, मोठ्या नावाचा असो की नाव न लागणाऱ्या सहीचा, तर त्याला आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा, फ्रेम केलीच तर काच आणि फोटो यांत बोटभर जाड पुठ्ठ्याची चौकट घाला, आणि भिंत उन्हाची नको. लॅमिनेशन करू नका. त्यावर तुमच्या आजीचं, मावशीचं, आत्याचं नाव असेल तर ते कुणाच्या सांगण्यावरून पुसू देऊ नका. आणि ज्यांनी ती सही घेतली ते हयात आहेत तोवर त्यांना विचारा: कुठं, कधी, बरोबर कोण होतं, तो काय बोलला. ते सगळं फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. जोरात लिहिलंत तर पुढे चर उमटेल.